नव्वद अंशांच्या पलीकडे

माझ्या उजव्या गुडघ्याची वाटी आषाढ संपता संपता रेल्वेच्या पादचारी पुलाच्या ओल्या पायरीवर फुटली. पडण्यात सांगण्यासारखे विशेष काही नाही. पाऊस होता, गर्दी होती, पाय सरकला आणि अंगाचा सगळा भार पायरीच्या कडेवर, गुडघ्याच्या नेमक्या मध्यावर आला. डोंबिवलीत राहून लोकलने कामाला जाणाऱ्या कोणाचेही असे होऊ शकते आणि दर पावसाळ्यात कोणा ना कोणाचे होतेच. सांगण्यासारखे आहे ते पुढचे, आणि त्यातही प्लास्टर निघाल्यानंतरचे अधिक. भेटायला येणाऱ्या बहुतेकांच्या मनात पाय मोडण्याची हकीकत प्लास्टर चढले की सुरू होते आणि उतरले की संपते. गुडघ्याच्या बाबतीत मात्र ते उतरल्यावरच खऱ्या कामाला हात लागतो, हे मला त्या श्रावणात कोणी सांगितले असते तरी पटले नसते.

वाटी हे हाड इतर हाडांपेक्षा जरा वेगळ्या जातीचे आहे. मांडीच्या पुढच्या बाजूचे चार स्नायू खाली एकत्र येऊन जो जाड कंडरा तयार होतो, त्याच्या आतच हे हाड असते, आणि कंडऱ्यात वाढणाऱ्या हाडांमध्ये ते शरीरातील सर्वांत मोठे आहे. जन्मतः तिथे हाड नसते, नुसती कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचिक असा भाग असतो. साधारण तिसऱ्या ते सहाव्या वर्षाच्या दरम्यान त्या कूर्चेचे हाड होऊ लागते. स्नायूंची ओढ सांध्याच्या मध्यापासून थोडी पुढे धरून ठेवणे हे वाटीचे काम, आणि त्यामुळे तरफेचा हात लांबून तेवढ्याच जोरात पाय सरळ करता येतो. १९३० च्या दशकात काही शल्यचिकित्सकांचे असे मत झाले होते की वाटी फुटली तर ती सरळ काढून टाकावी, तिच्यावाचून अडत नाही. पुढे लक्षात आले की अडते. वाटी काढलेल्या पायाची सरळ होण्याची ताकद बरीच कमी होते. आज ती शक्य तेवढी राखतात.

माझ्या डॉक्टरांनी एक्स-रे नीट पाहण्याआधीच मला उताणे झोपवून, गुडघा न वाकवता पाय वर उचलायला सांगितले. वेदनेने डोळ्यांपुढे अंधारी आली, पण पाय वीतभर उचलला गेला. शस्त्रक्रिया करायची की नाही याचा बराचसा निर्णय त्या वीतभर उचलण्यात होता. पाय उचलता आला म्हणजे वाटीच्या दोन्ही बाजूंचे कंडऱ्याचे पदर शाबूत आहेत, आणि एक्स-रेत तुकडे एकमेकांपासून दूर सरकलेले दिसत नाहीत म्हणजे ते जागच्या जागी जुळतील. तुकडे सरकले असते तर दोन तारा आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखा तिसऱ्या तारेचा वेढा, असे काम करावे लागले असते. ते टळले. गुडघा सरळ ठेवायचा एवढीच अट होती, कारण तो वाकला की वरून स्नायू आणि खालून अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, वाटीला विरुद्ध दिशांनी ताणतात आणि जुळू पाहणारी फट उघडते.

आधी कच्चे प्लास्टर घातले, म्हणजे पायाच्या मागच्या बाजूला प्लास्टरची पन्हळ आणि वरून बँडेज. सूज वाढण्याच्या दिवसांत चहूबाजूंनी बंद असलेले कवच घातले तर आतला दाब वाढून रक्तपुरवठाच तुटण्याचा धोका असतो. म्हणून पायाची बोटे सतत हलवत राहायची, ती निळसर झाली, बधिर झाली किंवा वेदना औषधालाही जुमानेनाशी झाली तर रात्र असो वा पहाट, दवाखाना गाठायचा, अशी ताकीद मिळाली होती. सूज उतरल्यावर पक्के प्लास्टर आले, जांघेच्या खालपासून घोट्याच्या वरपर्यंत. त्या बिछान्यावरच्या रिकाम्या दुपारींत मी सुश्रुतसंहितेतील भग्नचिकित्सेचा, म्हणजे मोडलेल्या हाडांवरच्या उपचारांचा भाग वाचून काढला. वाटीसारख्या हाडांना सुश्रुताने कपाल म्हटले आहे आणि गुडघ्याचे हाड त्याच गटात घातले आहे. वड, पिंपळ, उंबर, पळस यांच्या सालींच्या पट्ट्या कशा बांधाव्यात हे सांगताना तो बजावतो की बंध सैल राहिला तर सांधा स्थिर राहत नाही आणि फार आवळला तर त्वचेला सूज येते, वेदना होतात आणि पाक, म्हणजे पू, होतो. थंडीच्या दिवसांत बंध सात दिवसांनी, मध्यम ऋतूत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी बदलावा, असा त्याचा नियम आहे. मांडी किंवा पोटरी मोडलेल्या माणसाला फळीवर झोपवून पाय खुंट्यांमध्ये अडकवून ठेवण्याची युक्तीही तिथे आहे. कच्चे आणि पक्के प्लास्टर अंगावर बाळगणाऱ्या माणसाला त्या सैल-आवळ वाक्यांचा अर्थ भाष्याशिवाय कळतो.

प्लास्टर बांधताना ते गरम लागते, हे मला ठाऊक नव्हते. जिप्सम हे खनिज सुमारे दीडशे अंश सेल्सिअसला तापवले की त्यातील पाण्याचा तीन-चतुर्थांश भाग उडून जातो आणि पांढरी भुकटी उरते; ती भिजवली की हरवलेले पाणी परत घेते, घट्ट होते, आणि होताना उष्णता सोडते. पॅरिसमधल्या मोंमार्त्र टेकडीच्या खाणींतून हे जिप्सम निघे, म्हणून त्या शहराचे नाव त्याला चिकटले. सुती पट्टीत ही कोरडी भुकटी चोळून ठेवायची आणि ऐन वेळी पाण्यात बुडवून गुंडाळायची, ही पद्धत अँटोनियस मथायसेन या डच लष्करी डॉक्टरने १८५२ मध्ये प्रसिद्ध केली. त्याआधी युरोपात खळ लावलेल्या पट्ट्या वापरत आणि त्या वाळायला दोन-तीन दिवस लागत. दोनच वर्षांत क्रिमियाच्या युद्धात निकोलाय पिरोगोव्ह हा रशियन शल्यचिकित्सक रणभूमीवर प्लास्टर वापरू लागला आणि कापून टाकावे लागले असते असे कितीतरी हातपाय वाचले. आता फायबरचे हलके, रंगीत प्लास्टर मिळते आणि मलाही नंतर तेच घातले, पण पहिले पांढरे, जड, ओलसर पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, मी विसरणार नाही. डोंबिवलीच्या श्रावणातल्या हवेत ते वाळता वाळत नव्हते, आणि पुरते वाळेपर्यंत पाय कठीण कडेवर टेकवू नका, खोच पडेल, असे सांगितलेले असल्यामुळे घरातल्या सगळ्या उशा त्या एका पायाखाली गेल्या होत्या. गंमत अशी की त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीत गणपतीची मूर्ती शाडूची आणायची की पीओपीची यावर खडाजंगी चालू होती. पीओपी पाण्यात विरघळत नाही, वर्षानुवर्षे तसेच राहते, असे खालच्या मजल्यावरचे काका तावातावाने बोलत होते, आणि मी मात्र आंघोळीच्या वेळी त्याच पीओपीवर प्लॅस्टिकची पिशवी आणि चिकटपट्टी बांधून पाण्याच्या एका थेंबालाही भीत होते.

आमची इमारत जुनी, बिनलिफ्टची आणि घर दुसऱ्या मजल्यावर. दवाखान्यातून आले तेव्हा सोसायटीतल्या दोन मुलांनी मला लाकडी खुर्चीवर बसवून वर आणले आणि त्यानंतर तपासणीचे दिवस सोडले तर मी खाली उतरलेच नाही. वॉकर आणि कमोडची खुर्ची रुग्णसाहित्य केंद्रातून आली. ही केंद्रे महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांत कोणी ना कोणी चालवते. थोडी अनामत ठेवायची, नाममात्र भाडे द्यायचे आणि काम झाले की वस्तू परत करायची. आमच्याकडे आलेल्या वॉकरच्या मुठीवर आधीच्या कोणाच्या तरी हाताने गुंडाळलेली सुती चिंधी होती आणि ती मी काढली नाही, कारण तळहाताला घाम आला की तिचाच उपयोग होत असे. आमच्याकडे संडास भारतीय पद्धतीचा. पाय सरळ असलेल्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग नाही.

भेटायला येणाऱ्यांनी सल्ले आणि डबे दोन्ही आणले. डिंकाचे लाडू ऐन श्रावणात खाल्ले. नाचणीचे सत्त्व, आंबील, भाकरी हे सगळे झाले, आणि त्याला आधारही आहे, कारण शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, जे तांदळाच्या कितीतरी पट आहे. एका नात्यातल्या काकूंनी कांडवेलीच्या चटणीची कृती सांगितली. ती वेल हाड सांधते अशी जुनी समजूत आहे आणि तिच्यावर अभ्यासही होत असतात, पण घशाला खाजरी लागते हे मी स्वानुभवाने सांगू शकते. पायाचे सूप पिण्याचा आग्रह मी श्रावणाचे कारण सांगून परतवला. प्रत्येक जण जाताना एकच सांगून जाई: आता मस्त विश्रांती घे. या वाक्याचा मला हळूहळू राग येऊ लागला. विश्रांती वाईट म्हणून हा राग नव्हता, तर विश्रांतीतही करायचे काम असते हे त्या वाक्यात नव्हते म्हणून होता. फिजिओथेरपिस्ट बाई घरी आल्या तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले होते, की प्लास्टरच्या आत मांडी आवळता का? त्यांनी शिकवलेला व्यायाम बाहेरून दिसतही नाही. पाय जागचा न हलवता मांडीचा स्नायू घट्ट करायचा, मनात पाच अंक मोजायचे, सैल सोडायचा. मग घोटा वरखाली, रक्त साचून गुठळी होऊ नये म्हणून. घरचे लोक टीव्ही पाहत असत आणि मी शेजारी बसून कोणालाही न कळता व्यायाम करत असे.

हाडाला स्थिरता हवी आणि सांध्याला हालचाल हवी, आणि गुडघ्याच्या वाटीत हे दोन्ही हक्क एकाच जागी भांडतात. एकोणिसाव्या शतकात या भांडणाचे दोन बाजूंनी वकीलही होते. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस हे वेल्समधल्या हाडवैद्यांच्या घराण्यातले. वडील पदवीविना हाडे बसवत आणि मुलगा पदवी घेऊन तेच करू लागला. दुखावलेल्या सांध्याला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती द्यावी, यावर त्यांचा कटाक्ष होता, आणि त्यांच्या नावाची पायाची चौकट पहिल्या महायुद्धात मांडी मोडलेल्या असंख्य सैनिकांना वाचवून गेली. त्याच काळात फ्रान्समध्ये ज्युस्त ल्युका-शांपिओन्येर याच्या उलट सांगत होते की मोडलेल्या अवयवाला लवकर मालीश आणि हालचाल द्या, नाहीतर हाड जुळेल आणि अवयव निकामी होईल. विसाव्या शतकात टोरांटोच्या रॉबर्ट सॉल्टर यांनी १९७० च्या सुमारास सशांच्या सांध्यांवर प्रयोग करून दाखवले की सतत हलत्या सांध्यातली कूर्चा निश्चल ठेवलेल्या सांध्यातल्या कूर्चेपेक्षा चांगली भरून येते. यात नवल नाही, कारण कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात; सांध्यातला द्रव हालचालीच्या दाबाने आत-बाहेर होतो तेव्हाच तिला पोषण मिळते. माझ्यासारख्या साध्या, न सरकलेल्या फुटीला साधारण चार ते सहा आठवडे सरळ ठेवतात, त्याहून जास्त नाही. हा काळ म्हणजे थॉमस आणि शांपिओन्येर यांच्यातली तडजोड आहे, असे मी मानते. कोणा एकाचेच ऐकले असते तर माझे नुकसान झाले असते.

प्लास्टर अनंत चतुर्दशीनंतर काढले. कापायच्या यंत्राचा आवाज ऐकून मी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. ते पाते गोल फिरत नाही, अगदी थोड्या अंशांत मागेपुढे थरथरते. कठीण वस्तू त्याने कापली जाते आणि मऊ कातडी त्याच्याबरोबर हलत राहते म्हणून वाचते. हे तंत्रज्ञाने स्वतःच्या तळहातावर पाते टेकवून दाखवले तरी माझा धीर आला नाही. कवच दोन फाकांत उघडले आणि आतून जो पाय निघाला तो माझा वाटेना. कातडीचे पापुद्रे, आंबूस वास, वाढलेले केस हे अपेक्षित होते. अपेक्षित नव्हती ती मांडी. टेपने मोजली तेव्हा डाव्या मांडीपेक्षा ती बोटांच्या दोन-तीन पेरांनी बारीक भरली, आणि गुडघ्याच्या वर आतल्या बाजूला स्नायूचा जो फुगवटा असतो तिथे चक्क खळगा होता. स्नायू पहिल्या एक-दोन आठवड्यांतच वितळू लागतो, आणि सुजलेल्या, दुखावलेल्या गुडघ्याजवळच्या स्नायूला मज्जासंस्था स्वतःहून आवर घालते; मग तुम्ही कितीही ठरवा, आज्ञा स्नायूपर्यंत पुरती पोहोचतच नाही. मी मांडी आवळण्याचा हुकूम सोडत होते आणि हात ठेवला तर तिथे काहीच हलत नव्हते. डॉक्टर प्रसन्न होते, हाड छान जुळले होते. घरी आल्यावर सगळ्यांनी अभिनंदन केले आणि पेढे वाटले. मी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसले तेव्हा गुडघा पंचवीस-तीस अंश वाकून तिथेच थांबला, आणि पाऊल जमिनीपासून वर, हवेत राहिले.

तिथून पुढचे महिने मी अंशांत मोजले. फिजिओ बाईंकडे कोनमापक होते, शाळेतल्या कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब हात फुटावेत तसे, आणि दर खेपेला त्याचा आस गुडघ्याच्या बाजूला टेकवून त्या आकडा सांगत. सपाट जमिनीवर नीट चालायला साठ-सत्तर अंश पुरतात. जिना चढायला ऐंशीच्या पुढे, उतरायला नव्वदच्या आसपास. खुर्चीतून सहज उठायला नव्वदहून थोडे जास्त. परदेशी पुस्तकांत गुडघ्याच्या हिशेबाची यादी साधारण इथेच संपते, बूट बांधण्यापाशी. आमची यादी इथून पुढे सुरू होते. मांडी घालून पंगतीला बसणे, विळीवर भाजी चिरणे, उकिडवे बसून फरशी पुसणे, भारतीय पद्धतीचा संडास, देवासमोर नमस्कार, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणे. यांतल्या बहुतेक गोष्टी एकशेदहाच्या वर आणि काही थेट एकशेतीस-चाळीसच्या पुढच्या आहेत. शिवाय नुसता कोनच वाढत नाही, वाटीमागचा दाबही वाढतो. सपाट चालताना तो वजनाच्या निम्म्याएवढा, जिना चढताना तिपटीहून जास्त आणि खोल बैठकीत सात-आठ पट होतो, असे अभ्यासकांचे गणित आहे. श्रावणात नात्यातल्या एका मंगळागौरीला मला जाता आले नव्हते आणि फोनवर आलेल्या चित्रफितीत माझ्याहून वयाने मोठ्या बायका बसफुगडी घालत होत्या. आधी मी त्यात फक्त गाणी ऐकली होती. आता बघताना प्रत्येकीच्या गुडघ्यावर किती पट वजन पडते आहे याचा हिशेब मनात चालू झाला.

टाच चादरीवरून सरकवत पाय जवळ आणायचा, कडेला बसून चांगल्या पायाने दुखऱ्या पायाला मागे रेटायचे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची. व्यायाम हे एवढेच होते आणि कंटाळवाणे होते. पितृपक्षात सत्तर अंश झाले. नवरात्रात नव्वद. नव्वदवर गाडी अडली आणि बरेच दिवस तिथेच राहिली. दुखणे तीक्ष्ण असेल तर थांबा, ओढ असेल तर थांबू नका, असे बाई सांगत, आणि हा फरक ओळखायला शिकणे हाच त्या दिवसांतला माझा खरा अभ्यास होता. सकाळी सांधा आखडलेला असे, दुपारी सैल, संध्याकाळी सुजलेला. बर्फाने शेकायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

चढण्यापेक्षा उतरणे अवघड, हे तेव्हा कळले. चढताना स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना अंगाचा भार हळूहळू खाली सोडावा लागतो, आणि दुबळ्या मांडीला नेमके तेच जमत नाही. दोन मजल्यांचा जिना वरून पाहिला की पोटात गोळा येई. इथे माझ्या मदतीला आल्या त्या सासूबाई. त्यांचे गुडघे संधिवाताने वर्षानुवर्षे दुखतात, आमच्या घरात ओट्यापाशी उंच स्टूल आहे ते त्यांच्यासाठीच. मी जिन्याच्या तोंडाशी कठडा धरून उभी होते तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "अगं, चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा आधी. मी काय इतकी वर्षं उगाच चढउतार करते आहे का?" फिजिओ बाईंनी हाच नियम सांगितला होता, पण त्यांच्या तोंडून तो नियम होता आणि सासूबाईंच्या तोंडून ती रोजची वाट होती. त्या दुपारी आम्ही दोघी, मी वॉकर सोडून काठीवर आणि त्या त्यांच्या काठीवर, एका मजल्यापर्यंत उतरून वर आलो. त्यांना दम लागला, मला लागला नाही, आणि मला एकदम जाणवले की माझा गुडघा सुधारणार आहे, त्यांचा नाही. इतकी वर्षे त्यांना खाली बसायला सांगणारे, पाट मांडणारे, "जरा वाकून बघा ना" म्हणणारे आम्हीच होतो.

दिवाळीनंतर मी कामावर रुजू झाले. लोकलच्या दाराची पायरी आणि फलाट यांच्यातली उंची आधी कधी लक्षात आली नव्हती. आता स्थानकागणिक ती कुठे जास्त आहे हे मला पाठ आहे. पादचारी पुलावर मी कठड्याच्या बाजूनेच चालते आणि मागून येणाऱ्यांना खुशाल पुढे जाऊ देते.

आता गुडघा एकशेपंचविसाच्या आसपास वाकतो. मांडी घालता येते, फार वेळ नाही. सुधारणा वर्षभर होत राहू शकते असे डॉक्टर म्हणतात. वज्रासनापर्यंत जाईलच असे ते म्हणत नाहीत आणि मीही तो हट्ट सोडला आहे. शेवटच्या भेटीत फिजिओ बाईंनी विचारले, की या गुडघ्याकडून आणखी काय करून घ्यायचे आहे? बहुतेक लोक चालायचे आहे, फिरायला जायचे आहे असे सांगतात म्हणे. मी सांगितले, मला जमिनीवर बसायचे आहे आणि कोणाचा हात न धरता उठायचे आहे. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बसणं तुम्हाला जमतंय, काम उठण्यावर करायचं आहे." मग सतरंजी अंथरून त्यांनी शिकवले: आधी कुशीवर वळायचे, दोन्ही हात टेकायचे, दुखरा गुडघा जाड उशीवर ठेवायचा, चांगले पाऊल पुढे रोवायचे आणि खुर्चीच्या बैठकीवर तळहात दाबून वर यायचे. खुर्ची हळूहळू दूर सरकवत न्यायची आहे. सध्या ती हाताच्या अंतरावर आहे आणि सासूबाई त्याच खुर्चीवर बसून मला सूचना देतात.